रानातील पाचोळा आणि ठिपकेदार सातभाई

वन म्हटले की उंच वृक्ष डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु वनाचे आरोग्य त्याच्या तळाशीही पाहावे लागते. सह्याद्रीच्या दाट रानात झुडपांच्या आडोशाने वावरणारा ठिपकेदार सातभाई हा पक्षी या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

गावाच्या वेशीवर थव्याने कलकलाट करणारा सातभाई सर्वांच्या परिचयाचा असतो. त्याचा हा दूरचा नातलग मात्र अत्यंत लाजाळू आहे. त्याची लांबी सुमारे १५ सेंटिमीटर असते. पाठ तपकिरी, माथा तांबूस, भुवई फिकट, गळा पांढरा आणि छातीवर गडद रेघा, अशी त्याची ओळख होय. तो क्वचितच दृष्टीस पडतो. विणीच्या काळातील त्याची मधुर शीळ मात्र रानात दूरवर ऐकू येते.

जोडीने किंवा लहान टोळीने हिंडत हे पक्षी चोचीने पाचोळा उलटतात व त्याखालील कीटक टिपतात. घरटेही जमिनीवरच, झुडपाच्या बुडाशी असते. वाळलेली पाने व गवत यांचे ते चेंडूच्या आकाराचे घरटे भोवतालच्या पाचोळ्यात बेमालूम मिसळून जाते. प्रवेशद्वार बाजूला असते. वीण मुख्यतः पावसाळ्यात होते.

अन्न, निवारा आणि वीण या तिन्ही गोष्टी अशा प्रकारे रानाच्या तळाशी निगडित आहेत. वणव्याने किंवा राबासाठी पालापाचोळा गोळा केल्याने हा थर नाहीसा झाला, तर वृक्ष उभे राहूनही पक्ष्याचा आसरा नष्ट होतो. हानी केवळ पक्ष्याची नाही. पाचोळा पावसाच्या थेंबांचा मारा झेलतो, ओल धरून ठेवतो आणि कुजून जमिनीस कस देतो. तो गेला की उतारावरील माती ओढ्यात वाहून जाते.

राबावर रोपे करणाऱ्या शेतकऱ्याची गरजही खरी आहे. शेणखत घालून केलेल्या गादीवाफ्यावर भाताची रोपे तयार होऊ शकतात. त्याची प्रात्यक्षिके गावोगावी झाल्यास रानावरील भार हलका होईल. उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढणे व देवराईतील झुडपे न तोडणे, ही कामे ग्रामपंचायतींना हाती घेता येतील. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थापन झालेल्या गावसमित्यांनी आपल्या जैवविविधता नोंदवहीत या पक्ष्याची नोंद करावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना त्याची शीळ ओळखण्यास शिकवावे. ती ऐकू येत राहणे, हे रानाचा तळ शाबूत असल्याचे एक सुचिन्ह होय.