ग्रुपवर टाकलं, म्हणजे कळवलं?

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेचा मी सचिव आहे. सगळं व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो, तरी सभेत सभासद म्हणतात, ‘आम्हाला कळवलंच नाही.’ काय करावं? – एक सचिव, ठाणे

उत्तर : सचिवसाहेब, निळ्या खुणा दिसल्या म्हणजे निरोप पोचला, असं नसतं. तुमची सूचना बहुधा सुप्रभात आणि पार्किंगच्या भांडणाखाली गाडली जाते. फक्त ॲडमिनच लिहू शकेल असा वेगळा ग्रुप काढा. त्यावर पाणीकपात, लिफ्टची दुरुस्ती, एवढंच.

सभेची नोटीस मात्र निव्वळ ग्रुपवर सोडू नका. आदर्श उपविधींनुसार सर्वसाधारण सभेला पूर्ण 14 दिवस आणि विशेष सभेला 5 दिवस आधी लेखी नोटीस लागते. नोटिशीचा आणि सभेचा दिवस यात धरत नाहीत. नोटीस हातोहात देऊन सही घ्या, एक प्रत फलकावर लावा. परगावी राहणाऱ्यांसाठी आपले उपविधी काय सांगतात ते आधी पाहा. सही असली की ‘कळवलं नाही’ हा वाद बहुतेक उभाच राहत नाही.

आणि थकबाकीदारांची नावं ग्रुपवर? कृपा करून नको. त्यांना स्वतंत्र पत्र द्या. तक्रारीही लेखीच घ्या, पोच द्या. रात्री अकराला ग्रुपवर उत्तरं देणं तुमच्यावर बंधनकारक नाही.