घरगुती प्रेक्षकाचे मत : प्राश्निक आणि 'लेकी बोले सुने लागे'

'मत' या शब्दाला मराठी समीक्षाव्यवहारात 'अभिप्राय' किंवा 'मूल्यमापन' या शब्दांची प्रतिष्ठा कधीच लाभली नाही. त्यातही घरी बसून चित्रपट वा मालिका पाहणाऱ्या सामान्य प्रेक्षकाचे मत म्हणजे वेळ घालविण्याकरिता केलेली बडबड, अशीच समजूत आढळते. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाल्यापासून मराठी घराघरांतून ही बडबड अखंड चालू आहे; तरीही वाङ्मयाच्या अभ्यासकांनी तिच्या रूपाचा विचार क्वचितच केला. तिच्यात समीक्षेचा अंश आहे काय, आणि असल्यास तो कोणत्या जातीचा, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात घेतला आहे.

प्रश्न नवा वाटला तरी त्याची मांडणी नाट्यशास्त्राच्या सिद्धिविषयक सत्ताविसाव्या अध्यायात सापडते. प्रयोगाची मानुषी सिद्धी भरताने प्रेक्षकांच्या वाचिक आणि शारीर प्रतिसादांवरून ठरविली आहे. स्मित, अर्धहास, अतिहास, 'साधु', 'अहो', 'कष्टम्' हे उद्गार. रोमांच, उठून उभे राहणे, वस्त्र वा अंगठी फेकणे या क्रिया. याच अध्यायात प्राश्निकांची यादीही येते. यज्ञविधी जाणणारा, नर्तक, छंदोविद, शब्दविद, राजा, धनुर्विद्या जाणणारा, चित्रकार, वेश्या, गायक-वादक आणि राजसेवक, असे हे दहा जण. ज्याला ज्या व्यवहाराचे ज्ञान, त्याने रंगमंचावरील तेवढ्याच व्यवहाराचा निर्णय द्यावा, अशी ही व्यवस्था. घरगुती मताचा मोठा भाग या प्राश्निकवृत्तीचा असतो. पडद्यावरील सून भाकरी थापू लागली की आजी म्हणते, "हिनं जन्मात कधी पीठ मळलेलं नाही." पेशवाईवरील मालिकेत नऊवारीचा काष्टा चुकला की घरातील दोघी-तिघी एकदम बोलतात. निवृत्त कारकुनाला न्यायालयातील दृश्यात वकिलाच्या युक्तिवादापेक्षा टेबलावरील फायलींची मांडणी खटकते. ही मते कलाकृतीच्या एकात्मतेविषयी काही सांगत नाहीत हे खरे. पण चित्रकाराने नेपथ्यावर दिलेला निर्णय तरी दुसरे काय सांगत होता?

तथापि भरताचा दाखला अर्धवट घेऊन चालणार नाही. कोणाला काय आवडते हे सांगताना तो स्त्रिया, बालके आणि मूर्ख यांना एकाच पंक्तीस बसवितो. त्यांना हास्य आणि वेशभूषा तेवढी रुचते, असे त्याचे म्हणणे आहे. म्हणजे वेश्येला तिच्या विषयात प्राश्निकपद देणारा हाच ग्रंथ सरसकट स्त्रीप्रेक्षकाला रुचीच्या तळाशी ढकलतो. दूरचित्रवाणी मालिकांवरील मराठी टीकेत 'बायकांच्या मालिका' हा शब्दप्रयोग ज्या सहजतेने येतो, ती सहजता इतकी जुनी आहे.

आता भाषेकडे वळावे. "यात अशोक सराफ वकील आहे", "यात तो शेवटी मरतो" ही वाक्ये सर्वांच्या परिचयाची आहेत. कर्ता नट आणि विधेय पात्राचे, अशी त्यांची रचना. असे बोलणारा नट व पात्र यांत गल्लत करतो असे मानणे चुकीचे ठरेल. दोन्ही पातळ्या एकाच वेळी मनात वागविल्याशिवाय हे वाक्य संभवतच नाही. न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोदे साहित्य संमेलनाच्या अध्यक्षीय भाषणात मांडलेली 'सविकल्प समाधी'ची कल्पना येथे आठवते. स्वतःची भूमिका न सोडता दुसऱ्या भूमिकेत शिरण्याचा आनंद, हा तिचा गाभा. ज्या आस्वादावस्थेचे विवेचन करण्यास समीक्षकांना परिभाषा घडवावी लागली, ती घरगुती मराठीने कर्ता-विधेयाच्या साध्या जोडणीत सामावून घेतली आहे.

रणजित देसाई यांच्या 'स्वामी' (१९६२) या कादंबरीवरील दूरदर्शन मालिकेच्या वेळी घरांतून आणखी एक प्रकार दिसला. कादंबरी वाचलेला प्रेक्षक माधवराव-रमा यांच्या पूर्वकल्पित प्रतिमा घेऊनच बसत असे, आणि "पुस्तकातली रमा अशी नव्हती" हे त्याचे मत रवींद्र मंकणी किंवा मृणाल देव यांच्या अभिनयाविषयी असण्यापेक्षा स्वतःच्या वाचनाविषयी असे. हान्स रोबर्ट याउस यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या 'अपेक्षांच्या क्षितिजा'चे यापेक्षा सुगम उदाहरण वर्गात देता येणार नाही. चि. वि. जोशींच्या चिमणरावाबाबत प्रवाह उलटा वाहिला. दिलीप प्रभावळकरांचा आवाज मनात बसलेल्या प्रेक्षकाने नंतर पुस्तक उघडले, तेव्हा वाचनच मालिकेच्या क्षितिजाखाली आले.

येथवरचा विचार मताच्या आशयाचा झाला. परंतु घरगुती मताचे खरे वैशिष्ट्य ते कोणाला उद्देशून उच्चारले जाते यात आहे, आणि येथेच ते प्राश्निकाच्या निर्णयापासून फारकत घेते. प्राश्निक तटस्थ असावा, ही भरताची अट. बैठकीच्या खोलीत तटस्थ कोणीच नसतो. ई टीव्ही मराठीवर २००१ मध्ये सुरू झालेल्या आणि तीन हजारांहून अधिक भाग चाललेल्या 'चार दिवस सासूचे' या मालिकेचे नावच एका म्हणीचा पूर्वार्ध आहे. तिच्यासमोरील संभाषणाला मात्र दुसरी म्हण लागू पडते : लेकी बोले सुने लागे. "आजकालच्या मुलींना उलट उत्तरं द्यायला काय लागतं" हे सासूचे मत व्याकरणदृष्ट्या पडद्यावरील पात्राविषयी असते. त्याची ग्राहक शेजारी लसूण सोलत बसलेली असते. सुनेला हीच सोय उपलब्ध आहे. स्वतःच्या सासूविषयी जे बोलता येत नाही, ते पडद्यावरील सासूविषयी बोलता येते, आणि कोणी हटकले तर "मी मालिकेबद्दल बोलत होते" हे उत्तर तयार असते. कथात्मतेचा असा उपयोग अन्योक्तीत प्राचीन काळापासून होत आला. फरक एवढाच की अन्योक्ती कवीने रचलेली असते. येथे रचना आयती मिळते आणि तिचे 'अन्यत्व' ऐकणाऱ्यांच्या नात्यांतून सिद्ध होते.

आणि पुष्कळदा सून काहीच बोलत नाही. भरताने दैवी सिद्धीचे लक्षण सांगताना भरलेल्या प्रेक्षागृहातील निःशब्दता गौरविली आहे. घरातील निःशब्दतेचा असा एकच अर्थ लावणे धोक्याचे आहे. (दैवी घातांच्या यादीत भरताने वारा, अग्नी, पाऊस, हत्ती, साप यांचा समावेश केला, भारनियमन त्याला ठाऊक नव्हते.)

मताचा हा संबोधनधर्म लक्षात घेतल्यास उपलब्ध साधनांची मर्यादा उघड होते. इएन आंग यांनी 'डॅलस' या अमेरिकी मालिकेवरील आपला प्रसिद्ध अभ्यास एका डच महिला नियतकालिकातील जाहिरातीला आलेल्या बेचाळीस पत्रांवर उभारला. 'हम लोग' (१९८४-८५) या मालिकेला आलेल्या पत्रांची संख्या चार लाखांच्या घरात सांगितली जाते. तिच्या अभ्यासातून एक लक्षणीय गोष्ट पुढे आली : सोशिकपणाचे दुष्परिणाम दिसावेत म्हणून रंगविलेली भागवंती अनेक प्रेक्षकांना आदर्श वाटली. प्रत्येक भागाच्या अखेरीस अशोककुमार येऊन बोध स्पष्ट करीत असतानाही हे घडले, हे विशेष. पण भागवंतीला आदर्श म्हणणारी व्यक्ती ते कोणासमोर म्हणत होती? पतीसमोर, लग्नाच्या मुलीसमोर, की एकटीच कागदासमोर? पत्रातील मत एकट्याने, विचारांती, अनोळखी वाचकासाठी लिहिलेले असते. त्याला कारणे द्यावी लागतात आणि ती देताना ते अधिक ठाम होते. खोलीतील मताला कारण लागत नाही, त्याला प्रत्युत्तर लागते.

प्रत्यक्ष नोंदीचा मार्गही सरळ नाही. अभ्यासक खोलीत येऊन बसला की मते त्याच्याकडे वळतात. सासू शुद्ध बोलू लागते, सून चहा करावयास उठते. तरीही २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखविले, तेव्हा ज्या घरांत १९८७ चा प्रेक्षक आणि त्याची नातवंडे एकत्र बसली, तेथे एक अपूर्व सामग्री निर्माण झाली होती. नातवाचे मत बाणांच्या कृत्रिम ठिणग्यांविषयी, आजोबांचे त्यावरील मत नातवाच्या पिढीविषयी. आता त्याच खोलीत चौघांच्या हातांत चार भ्रमणध्वनी आणि कानांत श्रवणयंत्रे असतात. पाहणे थांबलेले नाही, मतेही थांबलेली नाहीत; शेजारी बसून ते मत ज्याला लागावे असा माणूस मात्र ऐकत नसतो. ज्या घरांत अजून एकच संच रात्री आठनंतर सर्वांसाठी लागतो, तेथील नोंदी करताना अभ्यासकाने काय म्हटले याच्या आधी संबोधन टिपावे : अगं, अहो, बघ, बघा, आणि त्या वेळी उठून आत कोण गेले.