खारें पाणी गोड करणारें यंत्र आणि दोन मीटरें

गेल्या उन्हाळ्यांत डाळिंबाचे एक बागाईतदार भवानी पेठेंतील आमच्या कचेरींत आले. घरच्या व गोठ्याच्या पिण्यासाठीं बोअरचें मचूळ पाणी गोड करावें, म्हणून त्यांनीं आरओचें यंत्र बसविलें होतें. निम्में पाणी निचऱ्यांतून वाहून जातें हें त्यांस पाहवेना. म्हणून त्यांनीं निचऱ्याचा कॉक आवळला. चार महिन्यांत गोड पाणी निम्म्यावर आलें व पडदे बदलण्याची पाळी आली. गोड पाणी किती निघत होतें व निचरा किती, असें आम्हीं विचारलें, तेव्हां त्यांजपाशीं एकही आंकडा नव्हता. सोलापुरासारख्या अवर्षणाच्या जिल्ह्यांत पाणी वांचविण्याची इच्छा योग्यच आहे; परंतु मोजल्यावांचून केलेली काटकसर महाग पडते.

क्षार अडवून पाणी भरपूर जाऊं देणारा पडदा लोब व सौरिराजन या संशोधकांनीं अमेरिकेंत १९५९-६० च्या सुमारास सिद्ध केला. पंपाच्या दाबानें कांहीं पाणी पडद्यापार जातें, तें गोड. उरलेलें पाणी अडलेले क्षार घेऊन बाहेर पडतें, तो निचरा. क्षार वाहून नेणें हेंच निचऱ्याचें काम होय. ताशीं १००० लिटर पाणी आंत घेऊन ५०० लिटर गोड काढलें, तर निचऱ्यांतील क्षार सुमारें दुप्पट होतात. ७५० लिटर काढलें, तर सुमारें चौपट. म्हणजे लिटरमागें १५०० मिलिग्रॅम क्षार असलेल्या पाण्याचा निचरा ६००० वर जातो, आणि चुन्याचा थर पडद्यावर बसूं लागतो. आपल्या पाण्यास कोणतें प्रमाण पेलेल, हें पाणी तपासूनच ठरवावें.

तें प्रमाण पुढें राखण्यासाठीं पात्यांचें मीटर, म्हणजे टर्बाइन मीटर, उपयोगीं पडतें. नळींत एक लहान चक्र असतें. पाण्याचा वेग वाढला कीं त्याचे फेरे वाढतात, व फेऱ्यांवरून लिटर निघतात. वाहत्या पाण्याचा वेग चक्रानें मोजण्याविषयीं जर्मन अभियंते वोल्टमन यांनीं १७९० मध्येंच लिहिलें होतें. एक मीटर गोड पाण्यावर व दुसरें निचऱ्यावर बसवावें. दोहोंची बेरीज म्हणजे आंत गेलेलें पाणी.

मीटर नळाच्या मापावरून न घेतां प्रवाहाच्या मानानें घ्यावें. प्रवाह फार मंद असल्यास चक्र अडखळतें व आंकडा कमी दिसतो. मीटरच्या मागें नळाच्या व्यासाच्या दसपट व पुढें पांचपट सरळ नळ असावा. २५ मिलिमीटरच्या नळास हें अंतर २५० व १२५ मिलिमीटर होतें. नळ सदैव भरलेला राहील अशी मांडणी करावी, कारण हवेच्या बुडबुड्यांनीं चक्र जोरानें फिरून खोटा आंकडा देतें. निचऱ्याच्या कॉकआधीं पंपाचा दाब असतो. तेथें साधें प्लास्टिकचें मीटर फुटण्याची भीति असते, म्हणून तें कॉकच्या पुढें, वरील अंतर राखून बसवावें.

क्षार बसल्यानें मीटरही खोटें बोलूं लागतें. यास्तव दर महिन्यास २० लिटरचें भांडें घड्याळ लावून भरावें. ताशीं ५०० लिटरच्या प्रवाहास १४४ सेकंद लागले पाहिजेत.

दोन्ही आंकडे, दाब व पाण्याची उष्णता रोज वहींत मांडावी. पाणी एक अंश थंड झालें कीं गोड पाणी सुमारें ३ टक्के घटतें. तेव्हां थंडींतील घट पाहून घाबरूं नये व कॉकही आवळूं नये. मात्र उष्णता व दाब तेच असतां गोड पाणी १० टक्क्यांनीं घटलें, तर पडदे लगेच धुवावे. थर पक्का बसल्यावर धुण्याचा उपयोग होत नाहीं.

निचरा विहिरींत किंवा डाळिंबाच्या मुळाशीं सोडूं नये. फरशी धुण्यास तो चालतो. त्या बागाईतदारांस आम्हीं इतकेंच सुचविलें, कीं नवे पडदे घालण्याआधीं दोन मीटरें बसवावीं व पहिल्या दिवसाचे आंकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहावे. पुढील सर्व तुलना त्याच पानाशीं करावयाची असते.