अंगावर पिणारे मूल आणि आईचे शिक्षण

मुलगी शिकली पाहिजे, याबद्दल आता दुमत राहिलेले नाही. परंतु शिकता शिकता ती आई झाली तर तिने काय करावे, याचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही. बारावीनंतर लग्न होऊन सासरहून कॉलेजला येणाऱ्या मुली आपल्याही वर्गांत आहेत. म्हणून हा विषय मी निवडला.

प्रथम शरीराचा नियम पाहू. बाळ जितके दूध ओढते, तितके नवे तयार होते. दूध साचून राहिले तर स्तन घट्ट होतात, दुखतात, गाठी येतात, कधी ताप भरतो. आणि असे रोज होऊ लागले की दूध आटत जाते. जागतिक आरोग्य संघटना पहिले ६ महिने केवळ आईचे दूध, आणि पुढे वरच्या अन्नाबरोबर २ वर्षे किंवा अधिक काळ स्तनपान सुचविते. म्हणजे रजा संपली तरी पाजणे संपत नाही.

आता कायदा पाहू. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने कामावर परतलेल्या आईला मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत, नेहमीच्या सुट्टीखेरीज, दिवसातून दोनदा पाजण्यासाठी वेळ दिला. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठीची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे केली, आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे पाळणाघर आवश्यक ठरविले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी आहेत. मात्र त्या नोकरी करणाऱ्या स्त्रीसाठी आहेत. विद्यार्थिनी ही काही कोणाची नोकर नव्हे. तिच्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२१ मध्ये पत्र काढून प्रसूती रजा व हजेरीतील सवलत यांचे नियम करण्यास विद्यापीठांना सांगितले. हे योग्यच झाले. पण रजेनंतरच्या रोजच्या दिवसाचे काय?

माझी एक मैत्रीण दुसरा तास संपताच एस. टी. स्टँड गाठते. घरी तान्हे मूल आहे, हे ती सरांना सांगू शकत नाही. हजेरीपटावर ती केवळ गैरहजर असते. शिक्षिकांचीही अडचण आहे. लागोपाठ तास असले तर वर्ग सोडून त्यांना उठता येत नाही.

यास मोठा खर्च लागत नाही. आतून कडी लागणारी एक स्वच्छ खोली (शौचालय नव्हे), खुर्ची, हात धुण्यास पाणी, आणि वेळापत्रकात मध्ये एक मोकळा तास एवढे पुरे. आजी बाळाला घेऊन आली तर तिला फाटकावर अडवू नये. काढलेले दूध झाकणाच्या स्वच्छ भांड्यात, गार जागी सुमारे ४ तास टिकते. शीतकपाट असल्यास अधिक.

आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. अशा घरांत मुलीचे शिक्षण थांबविण्यास एक कारण पुरते, हे मला ठाऊक आहे. बाळाची भूक हे ते कारण होऊ नये, एवढेच प्राचार्यांना व विद्यार्थी मंडळाला माझे सांगणे आहे.