जबडा : प्राण्यांचा आणि मानवाचा

रवंथ करणाऱ्या गाईकडे पाहिले असता तिचा खालचा जबडा आडवा फिरताना दिसतो. वरच्या बाजूस तिला पुढचे दात नसतात. त्या जागी कठीण हिरडी असते आणि दळण्याचे काम दाढा करतात. वाघाचा जबडा प्रामुख्याने वर-खाली हलतो. त्याचा सांधा बिजागरीसारखा असल्याने दाढा कात्रीप्रमाणे मांस कापतात. उंदीर जबडा पुढे-मागे सरकवून कुरतडतो.

मानवाच्या जबड्यात या तिन्ही हालचाली एकत्र आल्या आहेत. कानासमोर बोट ठेवून तोंड उघडावे. सांधा फिरतो आणि पुढेही सरकतो, हे जाणवेल. आपले चावणे, बोलणे आणि मनमोकळे हसणे याच सांध्याच्या आधाराने चालते.

परंतु सांधा निर्दोष असतानाही हा जबडा जखडू शकतो. सुपारी, मावा, गुटखा यांच्या सेवनाने गालाच्या आतील अस्तराखाली तंतू साचतात व ते ताठर होते. प्रथम तिखट झोंबू लागते. पुढे तोंड उघडणे कमी होत जाते. काही रुग्णांत या विकाराचे पर्यवसान कर्करोगात होते. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. सुपारी मात्र अनेक घरांत आजही निरुपद्रवी मानली जाते. वस्तुतः तंबाखूविना खाल्लेली सुपारीही कर्करोगकारक आहे, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केला.

याची प्राथमिक चाचणी घरीच करता येते. स्वतःच्या हाताची मधली तीन बोटे जुळवून, उभी धरून, वरच्या व खालच्या पुढील दातांमध्ये घालून पाहावीत. ती मावत नसतील, तर दंतवैद्यांकडून तपासणी करून घ्यावी. साचलेले तंतू सहसा पूर्ववत होत नाहीत. मात्र व्यसन त्वरित सोडल्यास विकाराची वाढ रोखण्यास मदत होते, तसेच व्यायाम, औषधे व प्रसंगी शस्त्रक्रिया यांनी तोंड अधिक उघडू शकते.

रुग्णांच्या कुटुंबीयांना आमची एक नम्र विनंती आहे. घरातील तरुण मुलगा घास लहान घेऊ लागला, आमटी तिखट लागते म्हणून ताट सारू लागला, तर त्याला रागे भरू नये. ममतेने जवळ बसवून ही तीन बोटांची चाचणी करावी आणि विलंब न लावता त्याला तपासणीस आणावे.