खेळण्यातल्या सर्फरची मोटर बदलताना

समुद्राच्या लाटेवर फळी टाकून तिच्यावर उभे राहायचे आणि लाटेबरोबर किनाऱ्याकडे घसरत यायचे, हा हवाई बेटांतील फार जुना खेळ आहे. त्याला सर्फिंग म्हणतात आणि तो खेळणाऱ्याला सर्फर. टोकियो येथे २०२१ साली झालेल्या ऑलिंपिक सामन्यांत या खेळाचा प्रथमच समावेश झाला. अशा सर्फरचे रेडिओने चालणारे खेळणेही मिळते. जपानच्या क्योशो कंपनीचा 'आर. सी. सर्फर' हे त्याचे एक प्रसिद्ध उदाहरण. फळीवर गुडघे वाकवून उभा असलेला प्लॅस्टिकचा खेळाडू, पाण्यात मोटरीने फिरणारा मळसूत्री पंखा आणि काठावर आपल्या हातात ट्रान्समीटर, अशी ही रचना असते.

खऱ्या सर्फरला लाट ढकलते, खेळण्याला मोटर. त्यामुळे थोडे दिवस खेळून झाले की वाटू लागते, मोटर अधिक जोरदार असती तर! मग बाजारातून मोठी मोटर आणली जाते, जुन्या तारांना जोडली जाते आणि पाच मिनिटांत पाण्यावर धूर दिसतो. बहुतेक वेळा जळते ती नवी मोटर नव्हे, तर तिला वीज पुरवणारे जुने सर्किट. असे का होते, ते आज पाहू. त्यासाठी तुम्हांला शाळेत शिकलेला ओहमचा नियम पुरेसा आहे.

शक्तीची साखळी

बॅटरी, तारा, गतिनियंत्रक, मोटर, दांडा, पंखा आणि शेवटी पाणी, या क्रमाने शक्ती पुढे जाते. या साखळीतील प्रत्येक कडीतून ही शक्ती जात असते. मात्र प्रत्येक कडीत तिचा काही भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो. खेळणे बनवणारा प्रत्येक कडी गरजेपुरतीच बळकट ठेवतो, कारण जास्त बळकट कडी जड असते आणि महागही. तेव्हा एकच कडी बदलली, तर वाढलेला भार उरलेल्या कड्यांवर पडतो आणि त्यांतील सर्वांत कच्ची कडी तुटते.

मोटर किती प्रवाह घेते?

मोटर फिरू लागली की ती जनित्राप्रमाणेही वागते. तिच्या वेटोळ्यात बॅटरीच्या विरुद्ध दिशेने विद्युत्‌दाब निर्माण होतो. त्याला आपण उलटा दाब म्हणू. वेग वाढेल तसा हा उलटा दाब वाढतो. म्हणून मोटरीतून वाहणारा प्रवाह असा काढतात: बॅटरीच्या दाबातून उलटा दाब वजा करायचा आणि उरलेल्या दाबाला वेटोळ्याच्या रोधाने भागायचे.

समजा, जुनी मोटर ७.२ व्होल्टवर चालते, तिच्या वेटोळ्याचा रोध ०.४ ओहम आहे आणि पाण्यात चालताना ती ५ अँपियर प्रवाह घेते. तिला मिळणारी शक्ती ७.२ × ५ = ३६ वॉट. वेटोळ्यात उष्णता होते ५ × ५ × ०.४ = १० वॉट. उरलेले २६ वॉट दांड्याला मिळतात (घर्षणाचा हिशेब सोडून).

आता पंख्यात शेवाळ अडकले आणि मोटर थांबली, असे धरा. वेग शून्य, म्हणून उलटा दाबही शून्य. प्रवाह होईल ७.२ ÷ ०.४ = १८ अँपियर! बॅटरीचा स्वतःचा रोध सोडून दिला, तर वेटोळ्यात सुमारे १३० वॉट उष्णता होईल आणि दांड्याला काहीच मिळणार नाही. दहा वॉटच्या जागी एकशे तीस वॉट! मोटर फिरताना कमी तापते आणि अडकल्यावर जळते, याचे कारण हेच. घरचा मिक्सर अडकला तर लगेच बंद करावा, असे मोठी माणसे सांगतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

दीडपट वेगाची किंमत

पाण्यात फिरणाऱ्या पंख्याचा एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. पंखा तोच ठेवून त्याच्या फेऱ्या वाढवल्या, तर पाण्याला मिळणारा रेटा फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्यासाठी लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात.

जुना पंखा मिनिटाला १२,००० फेरे घेतो असे समजा. आपल्याला १८,००० हवे आहेत, म्हणजे दीडपट. १.५ चा घन सुमारे ३.४. तेव्हा दांड्यावर २६ वॉटऐवजी सुमारे ८८ वॉट हवेत! नव्या मोटरीची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर बॅटरीने ११० वॉट पुरवायला हवेत. फेरे दीडपट, पण मागणी तिप्पट. आणि एवढे करूनही फळीचा वेग नेमका दीडपट होईलच असे नाही, कारण तो फळीच्या आकारावर आणि ती पाण्यावर किती उचलली जाते यावरही अवलंबून असतो.

अँपियर वाढवावेत की व्होल्ट?

हे ११० वॉट दोन प्रकारे मिळवता येतील. ७.४ व्होल्टची बॅटरी ठेवली, तर सुमारे १५ अँपियर लागतील. ११.१ व्होल्टची घेतली, तर सुमारे १० अँपियर. फरक छोटा वाटतो, पण तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. जुन्या ५ अँपियरच्या तुलनेत १५ अँपियरला त्याच तारेत नऊपट उष्णता होते, तर १० अँपियरला चौपट. म्हणून व्होल्ट वाढवणे शहाणपणाचे. वीजमंडळे दूरवर वीज नेताना दाब लाखो व्होल्टपर्यंत चढवतात, तेही याच कारणाने. तरीही तारा जाड घ्याव्यात आणि सोल्डरचे डाख भरीव व चकचकीत असावेत. कच्चा डाख म्हणजे जादा रोध, आणि जादा रोध म्हणजे उष्णता.

ब्रश नसलेली मोटर

साध्या मोटरीत कार्बनचे किंवा पत्र्याचे ब्रश दिक्परिवर्तकावर घासत असतात आणि वेटोळ्यातील प्रवाहाची दिशा योग्य वेळी उलटवतात. घासल्यामुळे ते झिजतात, ठिणग्या पडतात आणि शक्ती वाया जाते. शिवाय तापणारे वेटोळे मधोमध फिरत असल्याने त्याची उष्णता बाहेर निघणे अवघड.

ब्रश नसलेल्या मोटरीत ही मांडणी उलटी असते. चुंबक फिरतात आणि वेटोळी स्थिर राहतात. प्रवाह उलटवण्याचे काम ट्रान्झिस्टर करतात. या पद्धतीचे वर्णन विल्सन व ट्रिकी या दोन अभियंत्यांनी १९६२ साली प्रसिद्ध केले. पुढे १९८०-९० च्या दशकात जपानमध्ये सागावा आणि अमेरिकेत क्रोट यांनी निओडिमियमचे जोरदार चुंबक तयार केले आणि १९९१ पासून लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली. या बॅटरीच्या संशोधनासाठी २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक तिघांना विभागून मिळाले. छोट्या खेळण्यात मोठी शक्ती मावू लागली ती या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यामुळे.

या मोटरीला दोन नव्हे, तीन तारा असतात. जुने सर्किट तिला फिरवूच शकत नाही. तिच्यासाठी खास गतिनियंत्रक लागतो. तो तीन तारांपैकी दोघींतून प्रवाह सोडतो आणि तिसरीतील उलटा दाब मोजून चुंबक कुठे आला आहे ते ओळखतो. मग पुढच्या जोडीत प्रवाह सोडतो. मोटर उलटी फिरली तर घाबरू नका. तिन्हींपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करा, दिशा बदलेल.

मोटरीवर 'के. व्ही.' अशा अक्षरांपुढे एक आकडा छापलेला असतो. भार नसताना एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे, हे तो सांगतो. आकडा २,००० असेल, तर ११.१ व्होल्टला २२,२०० फेरे. पाण्यात भार आल्यावर त्यांतले ८० टक्के उरतात असे धरले, तर सुमारे १७,८००. आपल्याला हवे तेवढेच! गतिनियंत्रक मात्र १० अँपियरचा घेऊ नका. अडकलेल्या पंख्याचा हिशेब आठवा आणि ३० अँपियरचा घ्या. बॅटरीजवळ, मोटारसायकलला असतो तसा १५ अँपियरचा फ्यूज घाला. साखळीत एखादी कडी तुटायचीच असेल, तर ती सर्वांत स्वस्त आणि आपण ठरवलेली असावी.

रेडिओची बाजू

निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्क येथील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तारेवाचून चालणारी छोटी बोट लोकांना दाखवली होती. आपले खेळणे त्याच कुळातले.

जुन्या खेळण्यांत २७ मेगाहर्ट्झच्या लहरी वापरत. त्यांची तरंगलांबी ११ मीटर असते, म्हणून ट्रान्समीटरला लांबलचक एरियल असे. आता २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी वापरतात. त्यांची तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर असल्याने तीनेक सेंटिमीटरची तार पुरते. पण या लहरी पाण्यात फार लवकर शोषल्या जातात. फळीच्या पोटात, पाण्याच्या पातळीखाली रिसीव्हरची तार ठेवली, तर खेळणे थोड्याच अंतरावर आज्ञा ऐकेनासे होईल. तेव्हा ती तार नळीत घालून सर्फरच्या पाठीतून वर न्या. उभा माणूस हा इथे आयताच खांब आहे!

जुन्या सर्किटमध्ये बहुधा रिसीव्हर आणि मोटरीचे नियंत्रण एकाच पट्टीवर असते, म्हणून दोन्ही बदलावी लागतात. वळण्यासाठी सर्वो मोटर असेल, तर तिचा दाब नव्या रिसीव्हरला चालतो ना, तेही पाहा.

तोल आणि पाणी

जुने सर्व भाग काढल्यावर त्यांचे एकत्र वजन करा आणि नव्या भागांचेही करा. फळी आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते, म्हणून वजन वाढले की ती तेवढी खोल बसते. काम सुरू करण्यापूर्वी घमेल्यात पाणी घेऊन फळीच्या कडेला पाण्याची रेघ आखून ठेवा. नंतरही पाणी त्याच रेघेवर आले पाहिजे. बॅटरी पुढे-मागे सरकवून ते साधता येते.

सर्फर उभा असल्याने त्याचा गुरुत्वमध्य वर असतो, म्हणून हे खेळणे बोटीपेक्षा लवकर कलंडते. शिवाय पंखा एका दिशेने फिरला की फळी विरुद्ध दिशेने पिळली जाते. मागून पाहताना पंखा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असेल, तर फळीची डावी कड खाली दबते. फेरे दीडपट झाले की हा पीळ सव्वादोनपट होतो. आधी सरळ जाणारा सर्फर नव्या मोटरीवर डावीकडे वळत राहिला, तर दोष रेडिओचा नाही. बॅटरी थोडी उजवीकडे सरकवा.

दांडा बाहेर येतो त्या नळीत ग्रीज भरा, झाकणाच्या कडेला सिलिकोनचा थर द्या. बंद डब्यात हवा खेळत नाही, म्हणून मोटरीभोवती ॲल्युमिनियमच्या बारीक नळीचे वेढे देऊन त्यांतून पंख्यामागचे पाणी फिरवतात. ब्रश नसलेली मोटर भिजली तरी लगेच बिघडत नाही, पण तिचे बेअरिंग गंजते. खाऱ्या पाण्यात खेळलात तर गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून तेल द्या.

चाचणी आणि काळजी

पहिली चाचणी ७.४ व्होल्टच्या बॅटरीवर, घमेल्यात, फळी हाताने धरून आणि बोटे पंख्यापासून दूर ठेवून करा. अर्ध्या मिनिटाने बॅटरी काढून तारा, नियंत्रक आणि मोटर यांना जपून हात लावून पाहा. जी कडी सर्वांत गरम, तीच सर्वांत कच्ची. मग ट्रान्समीटर मुद्दाम बंद करून पाहा. मोटर आपोआप थांबली पाहिजे. थांबत नसेल, तर खेळणे तलावात सोडू नका.

लिथियम बॅटरी शिक्षकांच्या किंवा पालकांच्या देखरेखीखाली, तिच्यासाठीच्या चार्जरवर, फरशीवर ठेवून चार्ज करा. गादीवर किंवा कागदांजवळ नको, आणि ती एकटी सोडून जाऊ नका. प्रत्येक घटाचा दाब ४.२ व्होल्टच्या वर किंवा ३ व्होल्टच्या खाली जाता कामा नये. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नका, कारण ती पेट घेऊ शकते.

आणि सर्वांत महत्त्वाचे: खेळणे मध्येच बंद पडले, तर ते आणण्यासाठी पाण्यात उतरू नका. लांब दोरीला लाकडाचा तुकडा बांधून तो पलीकडे फेका आणि हळूहळू ओढा, किंवा वाऱ्याने ते काठाला येईपर्यंत थांबा.

स्वतः सोडवा

१. फेरे दुप्पट करायचे ठरवले, तर दांड्यावर शक्ती किती पट लागेल?

२. २,००० आकड्याची मोटर ७.४ व्होल्टवर चालवली, तर भार असताना मिनिटाला किती फेरे मिळतील? ते जुन्या फेऱ्यांशी ताडून पाहा आणि पहिली चाचणी याच बॅटरीवर का घ्यायची ते सांगा.

३. ७.२ व्होल्ट, २ अँपियर-तासांची जुनी बॅटरी ३६ वॉटला किती मिनिटे पुरेल? ११.१ व्होल्ट, २.२ अँपियर-तासांची नवी बॅटरी ११० वॉटला, आणि तीही ८० टक्केच वापरायची, तर किती मिनिटे? वेगासाठी आपण खेळण्याचा किती वेळ दिला, ते वर्गात सांगा.