नगराचे अंगण

वैशाखात खानदेशचे ऊन मोठे कडक असते. जळगाव शहरी पारा कधी कधी 45 अंशांच्याही वर चढतो. भर दुपारी रस्ते ओस पडतात. झाडावरचे पानही हलत नाही. परंतु सूर्य कलला, की घराघरांतून माणसे बाहेर पडू लागतात. कोणी मेहरूण तलावाच्या काठी वारा खात बसतात. कोणी काव्यरत्नावली चौकातील भाऊंच्या उद्यानाकडे वळतात, तर कोणी मुलाबाळांना घेऊन बहिणाबाई उद्यानाची वाट धरतात. तेथे धनिकही येतो आणि दिवसभर हातगाडी ओढून थकलेला मजूरही येतो. झाडांची सावली दोघांनाही सारखीच मिळते. घराला जसे अंगण, तसे नगराला उद्यान.

घराचे अंगण घरधनी राखतो. परंतु नगराचे अंगण राखतो कोण? अमुक जागी बाग व्हावी आणि तमुक जागी बाजार भरावा, हे ठरवितो कोण? त्यासाठी लागणारा पैसा येतो कोठून?

या प्रश्नांची उत्तरे नगराच्या इतिहासातच सापडतात. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. तेव्हा खानदेशच्या कापसाला मोठी मागणी आली. रेल्वेच्या मार्गावरील जळगावची पेठ भरभराटीस आली. व्यापारी आले, मजूर आले, पोलन पेठेसारखी नवी वस्ती उभी राहिली. माणसे वाढली, की त्यांच्या गरजाही वाढतात. पाणी हवे, रस्ते हवेत, दिवाबत्ती हवी. ही कामे एकेकट्याने होणारी नव्हेत. 1864 साली जळगावात नगरपालिका स्थापन झाली. पुढे सुमारे दोन मैलांवरच्या मेहरूण तलावाचे पाणी नळाने गावात आणण्यात आले. 1906 साली जळगाव पूर्व खानदेश जिल्ह्याचे मुख्य ठिकाण झाले, आणि 2003 साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली. शहराला आता वाघूर धरणाचे पाणी मिळते, आणि मेहरूणचा काठ लोकांच्या फिरण्याची जागा झाला आहे.

शेजारच्या धुळे शहराची कथाही जाणून घेण्याजोगी आहे. 1819 साली कॅप्टन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेशच्या कारभारासाठी धुळे हे ठिकाण निवडले. त्याने व्यापारी व कारागीर यांना तेथे बोलावले आणि नवी वस्ती आखून वसविली. धुळ्याच्या जुन्या भागातील सरळ गल्ल्या पाहिल्या, म्हणजे आधी विचार करून वसविलेल्या गावाचा फायदा दोनशे वर्षांनंतरही कसा टिकतो, ते ध्यानात येते. मात्र त्या वेळी गाव कसे असावे, हे एका अधिकाऱ्याने ठरविले. आज ते नागरिकांच्या विचाराने ठरावे, अशी अपेक्षा आहे.

भारतातील नगररचनेचा पहिला कायदा 1915 साली मुंबई इलाख्यात झाला. सध्या महाराष्ट्रात 1966 सालचा प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा लागू आहे. त्या कायद्याप्रमाणे शहराचा विकास आराखडा तयार करतात. आराखडा म्हणजे पुढील अनेक वर्षांत शहर कसे वाढावे, याचा नकाशा. अशा नकाशात राहण्याच्या जागा बहुधा पिवळ्या, व्यापाराच्या निळ्या, कारखान्यांच्या जांभळ्या आणि उद्याने व मैदाने हिरव्या रंगाने दाखवितात. जळगावची डाळ देशभर प्रसिद्ध आहे. परंतु डाळीची गिरणी शाळेच्या भिंतीला लागून असेल, तर तिची घरघर आणि उडणारा भुसा यांनी मुलांचा जीव मेटाकुटीस येईल. गिरणीही हवी आणि शाळाही हवी. पण प्रत्येकीची जागा वेगळी हवी. यासाठीच हे रंग असतात.

आराखड्याचा मसुदा तयार झाला, म्हणजे तो लोकांना पाहण्यासाठी जाहीर करतात. ज्यांना काही सांगावयाचे असेल, त्यांनी ठरलेल्या मुदतीत आपली हरकत किंवा सूचना लेखी द्यावी, असा नियम आहे. लेखी हरकतींवर सुनावणी होते, आणि शेवटी राज्य शासन आराखडा मंजूर करते. हरकत घेण्यास मोठा हुद्दा लागत नाही. साध्या कागदावर चार ओळी लिहिणाऱ्या नागरिकाचे म्हणणेही ऐकून घ्यावे लागते.

परंतु नकाशावर हिरवा रंग भरला, म्हणून जमिनीवर बाग उगवत नाही. राखून ठेवलेली जागा पुष्कळदा कोणाच्या तरी मालकीची असते. तिचा मोबदला देऊन ती घ्यावी लागते. आराखडा अमलात आल्यावर दहा वर्षे लोटली आणि तरीही जागा घेतली गेली नाही, तर मालक कायद्याप्रमाणे नोटीस देऊ शकतो. त्यानंतरच्या ठराविक मुदतीतही ती घेण्यासाठी पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण संपते आणि बागेची जागा इमारतीला मोकळी होते. यात मालकाचा दोष नाही. त्याने तरी किती वर्षे वाट पाहावी? मग दहा वर्षांत जागा का घेतली जात नाही? बहुतेक वेळा कारण एकच असते. तिजोरीत पैसा नसतो.

महानगरपालिकेला घरपट्टी, पाणीपट्टी आणि राज्य शासनाचे अनुदान यांतून उत्पन्न मिळते. पूर्वी जकात हे उत्पन्नाचे मोठे साधन होते. ती आता राहिलेली नाही. आयुक्त दरवर्षी जमाखर्चाचा अंदाज तयार करून स्थायी समितीपुढे मांडतात. या समितीत सोळा सदस्य असतात. नंतर तो अंदाज सर्वसाधारण सभेपुढे येतो. तेथे लोकांनी निवडून दिलेले नगरसेवक बसतात. त्यांतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव असतात.

समजा, सभेपुढे काही रक्कम शिल्लक आहे. एक नगरसेवक म्हणतो, “आमच्या प्रभागात मुलांना खेळावयास जागा नाही, ती रस्त्यावर खेळतात. बाग आधी करा.” दुसरी सदस्या उठून म्हणते, “आमच्या वस्तीत गटारे उघडी आहेत. मुले तापाने आजारी पडतात. दवाखाना व गटारे यांना पैसा द्या.” तिसरे ज्येष्ठ सदस्य म्हणतात, “वाचनालयाचे अनुदान तोडू नका. गरिबांची मुले तेथेच अभ्यास करतात.” यांत खोटे कोण बोलतो? कोणीच नाही. तिघांच्याही मागण्या रास्त आहेत आणि पैसा मात्र एकालाच पुरेल इतका आहे. अशा वेळी कोणती गरज अधिक निकडीची, हे सर्वांचे ऐकून आणि उघडपणे ठरवावे लागते. म्हणूनच हात वर करणाऱ्या नगरसेवकावर मोठी जबाबदारी असते, आणि त्याला निवडून देणाऱ्या मतदारावरही.

चांगल्या कामासाठी बाग घेतली तर चालेल काय? असा एक खटला बंगलोर शहरी घडला. तेथील एका वसाहतीत सार्वजनिक उद्यानासाठी राखलेली जागा खाजगी रुग्णालयासाठी देण्यात आली. रुग्णालय ही काही वाईट गोष्ट नव्हे. तरीही रहिवाशांनी न्यायालयात दाद मागितली. 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने रहिवाशांच्या बाजूने निकाल दिला. उद्यानासाठी राखलेली जागा ही सर्वांच्या आरोग्यासाठी व मोकळ्या हवेसाठी असते. ती कोणा एका संस्थेला अशी देऊन टाकता येत नाही, हे त्या निकालाने स्पष्ट झाले. रुग्णालयाला दुसरी जागा मिळू शकते. पण दाट वस्तीत एकदा गेलेले मैदान सहसा परत मिळत नाही.

1992 सालच्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने भारताच्या राज्यघटनेत बारावी अनुसूची जोडली गेली. नगराच्या संस्थांकडे सोपविता येतील असे अठरा विषय तीत दिले आहेत. नगररचना, जमिनीच्या वापराचे नियम, तसेच उद्याने व क्रीडांगणे हे विषयही त्यांत आहेत. देशाच्या घटनेत मुलांच्या खेळण्याच्या जागेचाही विचार झाला आहे, ही गोष्ट लहान नव्हे.

तथापि, घटनेतील शब्दांना बळ येते ते नागरिकांच्या वागण्याने. जो घरपट्टी वेळेवर भरतो, तो बागेच्या झाडाला पाणी घालतो. जो आराखडा डोळसपणे पाहतो, तो पुढच्या पिढीचे मैदान राखतो. जो मुलगा बाकावर नाव कोरीत नाही आणि कोवळी फांदी मोडीत नाही, तोही नगराच्या कारभारात आपला वाटा उचलीत असतो. वैशाखातील संध्याकाळी मेहरूणच्या काठी बसणाऱ्याला गार वारा फुकट मिळतो खरा. परंतु ती जागा मोकळी राहावी, म्हणून कोणीतरी विचार केलेला असतो, खर्च केलेला असतो आणि प्रसंगी भांडलेलेही असते.

शब्दार्थ
ओस पडणे – निर्मनुष्य होणे. यादवी – एकाच देशातील लोकांचे आपसातील युद्ध. मसुदा – कच्चा लेख किंवा आराखडा. हरकत – आक्षेप. मेटाकुटीस येणे – अगदी त्रासून जाणे. रास्त – योग्य. निकडीची – तातडीची.

स्वाध्याय
1. जळगावची पेठ कोणत्या कारणाने भरभराटीस आली?
2. ‘नकाशावर हिरवा रंग भरला, म्हणून जमिनीवर बाग उगवत नाही’ या वाक्याचा अर्थ पाच-सहा ओळींत स्पष्ट करा.
3. सभेतील तिघा सदस्यांपैकी तुम्ही कोणाच्या बाजूने हात वर कराल? का?
4. ‘दाद मागणे’, ‘वाटा उचलणे’, ‘ध्यानात येणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.
5. तुमच्या गावातील किंवा प्रभागातील एखाद्या मोकळ्या जागेची वडीलधाऱ्यांकडून माहिती मिळवून लिहा.